इटलीत आईवडील राहायला येणार? या चुका टाळा

व्हिसा आला, तिकिटं झाली, आता विमानतळावरून आणलं की झालं, असं समजणारे यजमान इटलीत हमखास अडकतात. पाहुण्यांच्या हातून होणाऱ्या चुका थोड्या असतात. घरच्यांच्या निष्काळजीपणाने होणाऱ्या चुका कितीतरी जास्त, आणि तोरिनो असो की बारी, त्या नेहमी त्याच असतात.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पोलिसांना न कळवणं. युरोपीय संघाबाहेरच्या कुणालाही घरात उतरवलं तर ४८ तासांत लेखी कळवावं लागतं. त्यासाठी ‘कोमुनिकात्सिओने दि ओस्पितालिता’, म्हणजे पाहुणा उतरल्याची सूचना, हा फॉर्म असतो. तो क्वेस्तूरात (पोलिसांच्या जिल्हा मुख्यालयात) किंवा जवळच्या पोलीस कोमिस्सारियातोत (ठाण्यात) द्यायचा, आणि गावात पोलिसांचं असं कार्यालय नसेल तर कोमूनेत, म्हणजे नगरपालिकेत. ‘स्वतःचे आईवडील, त्यांचं काय कळवायचं?’ हा प्रश्न दर वेळी येतो. १९९८ च्या परकीय नागरिकांविषयीच्या कायद्यातल्या कलम ७ मध्ये नातेवाईकही आहेत, असं स्पष्ट लिहिलं आहे. न कळवल्यास दंड १६० ते ११०० युरो.

घोटाळा होतो तो शनिवार-रविवारी. शुक्रवारी रात्री पाहुणे उतरतात, दोन दिवस गप्पा आणि जेवणात जातात, सोमवारी कचेरी उघडेपर्यंत मुदत संपलेली असते. म्हणून फॉर्म ते यायच्या आधीच भरून ठेवा. त्यांच्या पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची प्रत, तुमचं ओळखपत्र आणि घराचा भाडेकरार किंवा मालकीचा कागद, हे सगळं एका फोल्डरमध्ये तयार असावं. आल्यावर फक्त तारीख आणि सही. जायला जमत नसेल तर पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि ती पावती पाहुणे परत जाईपर्यंत जपा. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट कधीच केलेली नसते.

विमान फ्रँकफुर्ट किंवा पॅरिसला बदललं असेल तर आणखी एक कागद लागतो. शेंगेनमधला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातला, प्रवेश दुसऱ्या देशात झालेला असल्यामुळे पाहुण्यांनी स्वतः इटलीत आल्यापासून ८ दिवसांत क्वेस्तूरात ‘दिकियारात्सिओने दि प्रेझेन्त्सा’, म्हणजे आपण इथे आल्याची नोंद, द्यायची असते. यजमानाचा फॉर्म दिला म्हणून ही सुटत नाही.

दुसरी चूक गाडीची. नेहमी घडतं ते असं. पाहुणे खूश व्हावेत म्हणून भाड्याची गाडी घेतात, मोबाइलच्या नकाशावर विसंबून फिरेंझेत (फ्लॉरेन्समध्ये) शिरतात आणि हॉटेलच्या दारात सामान उतरवून बाहेर पडतात. कुणी अडवत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याने येतात. काही आठवड्यांनी भाड्याच्या कंपनीने क्रेडिट कार्डावरून कारवाई शुल्क कापलेलं दिसतं, आणि दंडाची नोटीस तर त्याहूनही उशिरा येते. परदेशी पत्त्यावर ती पाठवायला ३६० दिवसांची मुदत आहे. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या प्रवेशांचे दंड वेगवेगळे लागतात.

दंडाचं कारण म्हणजे झेडटीएल, शहराच्या जुन्या भागातली मर्यादित वाहतुकीची हद्द. तिच्या तोंडाशी लाल कडेच्या पांढऱ्या गोलाची पाटी असते आणि वर कॅमेरा. तिथल्या फलकावर ‘वार्को आत्तीवो’ (प्रवेशद्वार चालू) दिसलं की लोक रस्ता खुला आहे असं समजतात. प्रत्यक्षात कॅमेरा चालू आहे, आत जायचं नाही. ‘नोन आत्तीवो’ (चालू नाही) असेल तेव्हाच जाता येतं. तुमच्याकडे रहिवाशाची परवानगी असली तरी ती तुमच्या नंबरप्लेटपुरती, पाहुण्यांनी घेतलेल्या गाडीला ती लागू होत नाही. हॉटेलने तुमच्या गाडीचा नंबर पालिकेला कळवायचं कबूल केलं असेल, तर तो कळवला का हे त्यांना लेखी विचारा.

सोपा उपाय म्हणजे गाडी बाहेरच ठेवा. फिरेंझेसाठी ए१ महामार्गावरच व्हिल्ला कोस्तान्त्सा हा पार्किंग तळ आहे. टोलनाक्यातून बाहेर न पडता गाडी लावायची आणि तिथूनच टी१ ट्रामने सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशन गाठायचं. सिएनात सान्ता कातेरीना पार्किंगपासून वर जुन्या शहरात जायला सरकते जिने आहेत, त्यामुळे आजीआजोबांना चढण चढावी लागत नाही. निळ्या रेषांतली जागा पैशांची, पांढऱ्यातली फुकट, पिवळी राखीव. भारतीय लायसन्सवर चालवणाऱ्या पाहुण्यांनी आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून आणावा.

रेल्वेत घाई नडते. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड. हायस्पीड गाडीत ठरलेली जागा असते, तिथे छापायची गरज नाही. बोलोन्या चेंत्रालेत हायस्पीडचे फलाट जमिनीखाली आहेत, शिवाय ‘ओवेस्त’ (पश्चिम) आणि ‘एस्त’ (पूर्व) असे वेगळे फलाट आहेत. ‘३ ओवेस्त’ म्हणजे नुसता ३ नंबरचा फलाट नव्हे, तर पश्चिमेकडचा ३ नंबर. सामान आणि वृद्ध माणसं सोबत असतील तर १५ मिनिटांत गाडी बदलायची योजना मुळीच करू नका. रोममध्ये किंवा मिलानोत एकाच कार्डावर चौघांना मेट्रोत नेता येत नाही, प्रत्येकाला वेगळं कार्ड किंवा तिकीट लागतं.

संप जाहीर झाला असेल तर कामाच्या दिवशी प्रादेशिक गाड्या सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरलेल्या यादीप्रमाणे धावतात. विमानतळाचा दिवस त्याप्रमाणे आखा.

हापूसची पेटी आणायला सांगू नका. भारतातून ताजा आंबा आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तूप, पेढे, गोव्याचं सॉसेज, म्हणजे दूध आणि मांसाचे पदार्थ, सामानातून आणायला मनाई आहे. मसाले आणि पापड चालतात.

शेवटी घरची वीज. बहुतेक घरांचा करार ३ किलोवॉटचा असतो. इंडक्शन, गीझर आणि वॉशिंग मशीन एकदम चालू झाले की मीटर बंद पडतो, आणि तो बऱ्याचदा खाली तळघरात असतो. तुम्ही कामावर गेल्यावर आई अंधारात बसू नये, म्हणून पहिल्याच दिवशी तिला खाली नेऊन मीटरचा खटका दाखवा आणि तळघराच्या किल्लीची जागाही सांगून ठेवा.