गावच्या आदिवासी मजूर संस्थेने सिमेंट रस्ता कसा करावा

गडचिरोलीतल्या गोंड-माडिया गावात गावचीच मजूर संस्था रस्ता घेते, तेव्हा फीत धरण्याआधी गायता (गावचा पुजारी), पाटील आणि जुन्या जाणत्या बायांसोबत पूर्ण आखणी पायी चालावी. पेनठाणा (देवाची जागा) आणि गोटुल (गावाने एकत्र जमायचं घर) सगळ्यांनाच ठाऊक असतात. नजरेतून सुटतात ते मृतांच्या नावाने उभे केलेले दगड. झुडपात कललेला, शेवाळ धरलेला दगड जेसीबीवाल्याला साधा दगडच वाटतो, आणि एकदा उपटला की पुन्हा रोवून भागत नाही. अशा प्रत्येक जागेभोवती पाच मीटर सोडून बांबूच्या खुंट्या ठोका, दोरी बांधा. दगडाला चुना फासू नका. गायत्याने दहा मीटर सोडा म्हटलं तर दहा सोडायचे. वळण घ्यायचं ते अंदाजपत्रकाआधीच घ्या. कार्यादेशानंतर लांबी बदलली की सुधारित मंजुरीत हंगाम जातो.

वाट वनजमिनीतून असेल तर वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) पाहा. त्याखाली रस्त्यासाठी वनजमीन मिळते, अटी अशा: एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी जास्तीत जास्त ७५ झाडं आणि ग्रामसभेची शिफारस. मोहाची झाडं ठरावात वेगळी मोजून लिहा.

धानाची मळणी आटोपली की जानेवारी-फेब्रुवारीत काँक्रीट उरका. पुढे मोहफूल, मग तेंदूपत्ता. घराचा वर्षाचा पैसा त्यातून येतो, तेव्हा टोळीला कामावर ओढू नये.

काळ्या मातीवर थेट काँक्रीट टाकू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि रस्ता चिरतो. वरची माती काढून मुरूम १५ सेंमीच्या थरांनी, पाणी मारून रोलरने दाबा. बांध्यांतलं (धानाच्या खाचरांतलं) पाणी जिथून उतरतं तिथे मोरी आधी बसवा.

३ मीटर रुंद, १५ सेंमी जाड रस्त्याला दर १० मीटरला साडेचार घनमीटर काँक्रीट लागतं. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला साधारण ३६ पोती सिमेंट. घमेल्याने मोजू नका. ३०×३०×३९ सेंमीचा फर्मा (मापाची पेटी) म्हणजे एक पोतं सिमेंट. त्याला दीड फर्मा रेती, तीन फर्मे गिट्टी. ओली रेती फुगलेली असते, तेव्हा तिचं माप पाव हिश्श्यापर्यंत वाढवावं लागतं. पाणी पोत्यामागे २५ ते ३० लिटर, रेती ओली असेल तर त्याहून कमी. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच: फावडं सहज चालावं म्हणून कुणीतरी बादलीभर पाणी वाढवतो, आणि पुढच्या पावसाळ्यात वरचा थर झिजून गिट्टी उघडी पडते. मिक्सरजवळ पाण्यावर एकच माणूस ठेवा.

रस्त्याचा मध्य कडांपेक्षा ३ सेंमी उंच ठेवा. दर ४ मीटरला ५ सेंमी खोल सांधा दुसऱ्या दिवशीचं ऊन चढण्याआधी कापा. उशीर झाला तर काँक्रीट आपल्या मनाने तडकतं. मग मातीचे वाफे करून १४ दिवस पाणी साचवा. बैलगाडी त्यानंतर, भरलेला ट्रॅक्टर २८ दिवसांनी.