कुंडीतल्या सायकसची पिल्लं: काढायची कशी, जगवायची कशी

सायकस म्हणजे ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड. ते जुनं झालं की बुंध्याला लिंबाएवढे, संत्र्याएवढे गोळे येऊ लागतात. हीच त्याची पिल्लं. प्रत्येक गोळ्यात पिठूळ साठा ठासून भरलेला असतो, पण मुळं बहुतेक वेळा नसतात. साठा असल्यामुळे पिल्लू महिनोन्महिने पाण्यावाचून तग धरतं, आणि मुळं नसल्यामुळे घातलेलं पाणी त्याला पिता येत नाही. म्हणूनच सोलापूरच्या एवढ्या कोरड्या हवेतसुद्धा पिल्लं वाळून कमी आणि कुजून जास्त जातात.

गड्ड्याची यात्रा उरकली की कामाला लागावं; जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारी संपेपर्यंत वेळ चांगली. थंडी ओसरत असते, जखम लवकर सुकते आणि पुढच्या उबेत मुळं फुटायला लागतात. पावसाळ्यात काढलेल्या पिल्लाची कापलेली बाजू नीट सुकतच नाही. आईच्या शेंड्यातून नव्या पानांचा झुपका निघत असेल तर मात्र ती पानं टणक होईपर्यंत थांबा.

लिंबापेक्षा लहान पिल्लू काढू नका, त्यात साठाच पुरेसा नसतो. ५ ते ८ सेंटीमीटर जाडीचं उत्तम. मातीखाली वाढलेल्या पिल्लाला कधीकधी स्वतःची मुळं असतात. तसं मिळालं तर निम्मं काम झालंच म्हणायचं.

काढण्याआधी चार दिवस पाणी बंद. सायकसच्या पानांची टोकं सुईसारखी टोचतात, म्हणून पानं वर गोळा करून जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळा आणि सुतळीनं बांधा. जाड हातमोजे घाला. खुरप्यानं पिल्लाभोवतीची माती उकरत जा, म्हणजे आईला ते जिथं चिकटलंय ती अरुंद मान दिसेल. तिथं सुताराची इंचभर रुंदीची पटाशी, स्पिरिटनं पुसून, लावा. पटाशीची सपाट बाजू आईच्या बुंध्याकडे, उतरती बाजू पिल्लाकडे. हातोडीचे दोन-चार हलके ठोके दिले की पिल्लू सुटतं. खुरप्यानं उचकटायला गेलात तर आईची साल फाटते, आणि फाटलेली जखम सरळ कापापेक्षा फार लवकर सडते. कुंडीची भिंत आणि बुंधा यांच्यात पिल्लू अडकलं असेल तर कसरत करू नका; अख्खं झाड कुंडीबाहेर काढा.

आता कापलेली बाजू नीट बघा. ती सोललेल्या बटाट्यासारखी पांढरट हवी. थोड्या वेळानं तिच्यावर चिकट, पारदर्शक डिंक येतो, तो काही रोग नव्हे. तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर धारदार चाकूनं पातळ चकत्या काढत पांढरा भाग लागेपर्यंत जा, दर वेळी पातं स्पिरिटनं पुसून. पिल्लाची पानं सगळी कापा, देठ फक्त २ सेंटीमीटर ठेवा. जीवावर येतं, पण मुळं नसताना पानं राहिली तर त्यांच्यातून नुसतं पाणी उडत राहतं.

देठांच्या बेचक्यात कोंड्यासारखा पांढरा थर दिसला तर ती खवले कीड. साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून घासून काढा. राहिली तर नव्या पानांवर तीच दिसणार. मातीलगत पोवळ्यासारखी गुठळ्यांची मुळं सापडली तर ती मात्र तोडू नका. त्यांच्यात राहणारे नील-हरित जिवाणू हवेतलं नत्र झाडाला मिळवून देतात.

आईच्या आणि पिल्लाच्या, दोन्ही जखमांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची कोरडी पावडर लावा. आईला आठवडाभर पाणी नको. पिल्लं सावलीत वर्तमानपत्रावर जखम वर करून ठेवा: लिंबाएवढ्यांना ७ दिवस, संत्र्याएवढ्यांना १० दिवस. कापलेली पानं आणि चकत्या गल्लीतल्या शेळ्यांपुढे टाकू नका, कुत्र्यालाही चघळू देऊ नका. याला ‘सॅगो पाम’ म्हणतात खरं, पण हे पामही नव्हे आणि आपल्या उपवासाचा साबुदाणाही याचा नव्हे, तो टॅपिओकाच्या कंदाचा. सायकसच्या सगळ्या भागांत सायकासिन हे यकृत बिघडवणारं विष असतं, बियांत सर्वांत जास्त.

लावायला दोन भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग विटांचा बारीक चुरा. कोकोपीटही आधी दोनदा धुवा, त्यात मीठ असतं. आपली काळी माती इथं नको. ती पाणी धरून ठेवते. शेणखतही नको, खायला मुळंच नाहीत. मातीची कुंडी गोळ्यापेक्षा दोन-तीन इंचच रुंद घ्या. मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते. गोळा निम्मा आत, निम्मा बाहेर, लवदार टोक वर. पानं नसल्यानं गोळा उलटा लावला जाणं ही नेहमीची चूक.

पहिल्यांदा तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. नंतर दोन इंच बोट खुपसून कोरडं लागलं तरच; साधारण फेब्रुवारीत दहा-बारा दिवसांनी, मे महिन्यात पाच-सहा दिवसांनी. कुंडी पूर्वेच्या व्हरांड्यात किंवा ५० टक्के शेडनेटखाली ठेवा. गच्चीवर ठेवायचीच असेल तर खाली विटा द्या, कारण एप्रिलच्या दुपारी तापलेली स्लॅब कुंडी बुडापासून भाजते.

मुळं धरायला तीन ते सहा महिने लागतात, कधी वर्षही. पान फुटलं म्हणजे मुळं आली असं नाही. पहिलं पान साठ्यावरही येतं. पिल्लू दोन बोटांत धरून किंचित हलवून बघा, आतून ओढ लागली की मुळं आली. उपटून मात्र बघू नका. महिन्यातून एकदा दाबून बघा. टणक असेल तर दिवाळीपर्यंत पान नाही आलं तरी राहू द्या. मऊ लागलं तर काढा, पांढऱ्या भागापर्यंत कापा आणि पुन्हा सुकवा. आतला गाभाच तपकिरी, पिचपिचीत झाला असेल तर टाकून द्या.

कोवळी पानं आली की एक छोटं निळसर फुलपाखरू त्यांच्यावर अंडी घालतं, आणि त्याच्या अळ्या दोन-तीन दिवसांत नुसत्या शिरा उरवतात. पानं टणक होईपर्यंत कुंडीवर मच्छरदाणीचं कापड टाका. नवी पानं पिवळी, आखडलेली निघाली तर बहुधा मँगनीजची कमतरता. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं ती वाढते. मँगनीज सल्फेट लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. पावसाचं पाणी बॅरलमध्ये साठवता आलं तर ते याच कुंड्यांसाठी राखा. खत दुसऱ्या पानांच्या वेळी, तेही मूठभर गांडूळखत. पिल्लू आईच्याच लिंगाचं निघतं, तेव्हा आईला नरशंकू (नर झाडाला येणारा लांबट, कणसासारखा शंकू) येऊन गेला असेल तर कुंडीवर तसं लिहून ठेवा. बिया हव्या असतील तर पुढे मादी झाड वेगळं शोधावं लागेल.