आधी घर बघा, मग शाळा: नागपूरहून फ्रान्सला जाणाऱ्यांसाठी

नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या विमानांच्या कामामुळे आम्ही तीन वर्षं फ्रान्समध्ये, बोर्दोला होतो. निघालो तेव्हा थोरलीची सहावी झाली होती आणि धाकटा पहिलीच्या वयाचा होता. आता प्रतापनगरच्या घरी परत आलो, तर जाणारी कुटुंबं भेटायला येतात. प्रश्न ठरलेला असतो, "काकू, तिकडे चांगली शाळा कोणती?" मी त्यांना उलट विचारते, घर कुठे घेऊन राहिले?

कारण तिथली सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते. कोणत्या गल्लीतली मुलं कोणत्या शाळेत जाणार, हे आधीच ठरलेलं असतं. इंटरव्ह्यू नाही, डोनेशन नाही, फी नाही. आपल्याकडे महापालिकेची शाळा म्हटलं की लोक मागे सरतात, तीच सवय घेऊन आम्ही गेलो आणि पहिला आठवडा खासगी शाळा शोधण्यात घालवला. तुम्ही तसं करू नका. भाड्याचा करार करण्याआधी त्या पत्त्याला कोणती शाळा लागते ते विचारा, शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी जाऊन उभे राहा, आणि मगच घर पक्कं करा.

नाव घालायला थेट शाळेत जायचं नाही. तीन ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आधी 'मेरी'त, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत जायचं. तिथून कागद मिळतो, तो घेऊन मुख्याध्यापकांकडे. त्याहून मोठ्या मुलांचं काम शिक्षण खात्याच्या कार्यालयातून होतं. परदेशातून आलेल्या मुलांसाठी 'कासनाव' नावाचा विभाग आहे, तो आधी मुलाची परीक्षा घेतो. ही नापास करायची परीक्षा नाही. गणित किती येतं, वाचन किती होतं, एवढंच बघतात.

कागदांचं काम नागपूरलाच उरका. महापालिकेचा जन्म दाखला काढून बघा. कितीतरी दाखल्यांवर बाळाचं नावच घातलेलं नसतं, किंवा आईच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नाही. दुरुस्ती करून मग अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून घ्या. शाळेत नाही मागितलं तरी दुसऱ्या सरकारी कामाला लागतंच. फ्रेंच भाषांतर तिथल्या न्यायालयाच्या यादीतल्या भाषांतरकाराकडून करायचं. गेल्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकंही सोबत ठेवा.

लसींचं कार्ड हॅण्डबॅगेत ठेवा, सामानात नको. घटसर्प, धनुर्वात आणि पोलिओ सगळ्यांनाच लागतात. १ जानेवारी २०१८ नंतर जन्मलेल्यांसाठी यादी बरीच मोठी आहे, आणि त्यात मेनिंगोकोकसची लस आहे, जी आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही. लस राहिली असली तरी प्रवेश अडत नाही, तीन महिन्यांची मुदत मिळते.

आमचं अडलं ते पत्त्याच्या पुराव्यावर. पहिला महिना कंपनीच्या फ्लॅटमध्ये होतो, विजेचं बिल आमच्या नावाचं नव्हतं, आणि पोरं तीन आठवडे घरी बसली. ज्यांच्याकडे राहतो त्यांनी लिहून दिलेलं पत्र चालतं, इतकंच काय, स्वतः प्रतिज्ञेवर लिहून दिलेलंही चालतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. राहण्याच्या परवान्याची अट शाळा घालू शकत नाही. हे दोन मुद्दे कागदावर लिहून खिशात ठेवा.

आता इयत्ता. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं आहे, २०१९ पासून. तीन वर्षं 'मातेर्नेल', म्हणजे बालवाडी, मग पहिली ते पाचवीची पाच वर्षं. त्यानंतर फ्रान्स उलटं मोजतो. यासाठी मी सगळ्यांना एक हिशोब देते: बारातून आपली इयत्ता वजा करा. आपली सहावी ती त्यांची सहावी, आपली सातवी ती त्यांची पाचवी, आठवी ती चौथी, नववी ती तिसरी. नववीच्या शेवटी 'ब्रव्हे'ची परीक्षा असते. दहावी म्हणजे 'सगोंद', दुसरी. अकरावी पहिली. बारावीला उरतं शून्य, तिला 'तेर्मिनाल' म्हणतात, आणि तिथेच 'बाक', आपल्या बारावी बोर्डासारखी शेवटची परीक्षा.

वर्ग जन्माच्या वर्षावरून ठरतो, जानेवारी ते डिसेंबर. "भाषा येत नाही, दोन वर्षं मागे बसवा," असं आपण होऊन म्हणू नका. थोरली वयाच्याच वर्गात बसली आणि जोडीला नवागत मुलांच्या खास वर्गात, जिथे तिच्या वयाला आठवड्याला किमान १२ तास फ्रेंच शिकवतात. पहिले चार महिने ती वर्गात बोललीच नाही. मी रात्र-रात्र जागी असायची. गणिताने तिला धरून ठेवलं. गुण २० पैकी असतात. १४ आले की आपण ७० टक्के म्हणून खट्टू होतो, तिथे १४ म्हणजे चांगले गुण.

धाकट्याचं आकड्यांपाशी अडलं. ऐंशीला ते 'कात्र व्हँ' म्हणतात, चार वीस. माझी आजी हिंगणघाटकडची, ती "चार विसा" म्हणायची. पोराला आजीची गोष्ट सांगितली, आणि मग नव्वद म्हणजे चार विसा आणि दहा, हेही त्याला जमलं.

जेवणाचं सांगते, कारण शाकाहारी घरांना हीच काळजी. डबा नेता येत नाही, ॲलर्जीचं डॉक्टरी कारण असेल तरच. शाळेच्या कँटीनमध्ये कायद्याने आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण असतं. बाकी दिवस काय, ते प्रत्येक गावात वेगळं, मेरीतच विचारून घ्या. पोरांना दुपारी जेवायला घरी आणता येतं, मी दोन वर्षं आणलं. कँटीनचे पैसे बहुतेक ठिकाणी उत्पन्न बघून ठरतात.

मे महिन्यात इकडे लग्नं असतात, पण तिथे शाळा जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालते. महिन्यात चार अर्धे दिवस कारणाशिवाय गैरहजेरी झाली की वर कळवतात. तिकिटं सुट्ट्या बघूनच काढा. बोर्दो 'अ' विभागात येतं, आणि हिवाळ्याच्या व वसंताच्या सुट्ट्या विभागाप्रमाणे बदलतात.

गळ्यातलं छोटं गणपतीचं लॉकेट चालतं, पण ठळक धार्मिक चिन्हं २००४ च्या कायद्याने सरकारी शाळेत घालता येत नाहीत.

शेवटचं आयांसाठी. काही शाळांमध्ये परदेशी पालकांना फुकट फ्रेंच शिकवतात, योजनेचं नाव 'ओ-अ-पे-एर-अ' (OEPRE). मी दुसऱ्या वर्षी गेले. तोवर वहीतल्या शिक्षकांच्या चिठ्ठ्या थोरली मला वाचून दाखवायची, स्वतःबद्दलच्यासुद्धा. तुम्ही पहिल्याच सप्टेंबरात नाव द्या.