नदीकाठच्या जुन्या गावात फोटोच्या जागा आधीच हेरा

जुन्या गावात गल्लीबोळ फिरण्यातच चांगला उजेड निघून जातो आणि नदीवरचा फोटो राहतो. म्हणून आदल्या रात्रीच नकाशा सॅटेलाइट व्ह्यूमध्ये उघडा.

१. घाट आणि जुनी घरं नदीच्या कुठल्या काठावर आहेत ते बघा. त्यांचं तोंड पूर्वेला असेल तर सकाळी, पश्चिमेला असेल तर संध्याकाळी समोरच्या काठावर जा. ऊन तुमच्या पाठीशी आणि सगळं गाव उजेडात.

२. पूल आणि नदीचं वळण, दोन्हींवर पिन टाका.

३. प्रतिबिंब हवं असेल तर सूर्योदयानंतर लगेच, वारा सुटायच्या आत. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली धरा. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) काढाच, तो प्रतिबिंबच पुसट करू शकतो.

पाण्यालगतच्या शेवाळलेल्या पायरीवर मात्र ट्रायपॉड लावू नका. पाय आणि कॅमेरा, दोन्ही घसरतात.