91 मूळ संख्या वाटते ना? इथेच सगळे फसतात

परवा भाचीने वहीत 91 ला गोल केला, मूळ संख्या म्हणून. तिला काय बोलणार, 91 दिसतेच तशी, सम नाही, शेवटी 5 नाही, अंकांची बेरीज 10 म्हणजे 3 नेही भाग जात नाही. पण 7 ने जातो, तेरा साते एक्क्याण्णव. पाढे 10 पर्यंतच पाठ केले की असं होतं!

तर मूळ संख्या म्हणजे जिला बरोब्बर दोनच विभाजक, 1 आणि ती स्वतः. 1 ला एकच विभाजक, म्हणून तो मूळही नाही आणि संयुक्तही (दोनाहून जास्त विभाजक असलेला) नाही.

आता चेक कसं करायचं. समजा 97. 2, 3, 5, 7 ने भाग देऊन बघा, कशानेच जात नाही. पुढची मूळ संख्या 11, पण 11 चा वर्ग 121, तो 97 च्या पुढे गेला, बस, थांबा, 97 मूळ आहे. का थांबायचं? कारण मोठा विभाजक असता तर त्याचा जोडीदार लहान असता आणि तो आधीच सापडला असता. म्हणजे 100 पर्यंत फक्त 2, 3, 5, 7 या चौघांनीच काम भागतं, 4 ने 6 ने 9 ने भागत बसणारी मुलं उगाच वेळ घालवतात.

अवयव पाडायला, म्हणजे संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात मोडायला, उभी रेघ मारा, डावीकडे भाजक, उजवीकडे उरलेली संख्या. आपल्या देवळालीचे शाळामास्तर आणि गणितज्ञ द. रा. कापरेकर, त्यांच्या नावाने ओळखली जाणारी 6174 च घेऊ. सम आहे म्हणून 2 ने, उरले 3087. अंकांची बेरीज 18, 3 ने भागा, 1029. परत 3 ने, 343. आता 3 चालत नाही, 5 चालत नाही, 7 ने 49, मग 7, मग 1. म्हणजे 2×3×3×7×7×7. एवढी रुबाबदार संख्या आणि आत नुसते 2, 3, 7, मला तर भारी मजा वाटली.

सुरुवात कुठूनही करा, 84 चे 12×7 करा नाहीतर 4×21, शेवटी 2, 2, 3, 7 च हाती येतात.

भाचीला आता 221 दिलीय. 11 पर्यंत भाग जात नाही म्हणून ती परत गोल करायला निघाली होती, म्हटलं थांब, 13 राहिला.