चेनगाइड घेण्याआधी क्रँकमागे वाकून बघा

माउंटन बाइकची चेन पुढच्या दातेरी चक्रावरून (चेनरिंगेवरून) उतरू नये म्हणून लावतात तो चेनगाइड. "चेनगाइड कोणता घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी त्याला सायकलच्या उजव्या बाजूला बसवून क्रँकमागे (पेडलच्या दांड्यामागे) टॉर्च मारायला लावते. तुम्हाला कोणता गाइड आवडला याला फारसा अर्थ नाही, फ्रेमवर तो धरायला काय आहे ते बघायचं.

बॉटम ब्रॅकेटभोवती (क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या भागाभोवती) आट्यांची भोकं असलेले तीन कान दिसले तर सुटलात. हल्लीच्या फ्रेमवर ते बहुधा आयएससीजी-०५ या मापाचे असतात. जुन्या आयएससीजीत भोकं बॉटम ब्रॅकेटच्या जास्त जवळ असतात आणि एकाचा गाइड दुसऱ्याला बसत नाही. कानच नसतील, तर सीट ट्यूबवर पुढच्या डिरेलरसाठी (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागासाठी) ठेवलेल्या जागेवर बसणारा छोटा गाइड मिळतो. तीही जागा नसेल तर आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटच्या कपाखाली दाबली जाणारी प्लेट. मात्र असल्या प्लेटवर बॅश गार्ड (चेनरिंगेला दगडापासून वाचवणारं कवच) लावू नका. दगडावर आपटला की अख्खी प्लेट फिरते आणि चेन तिथेच अडकते.

खालच्या रोलरसकट पूर्ण गाइड डाउनहिलवाल्यांनी घ्यावा. बाकीच्यांना वरचा पिंजरा (चेनला दोन्ही बाजूंनी आवरणारा भाग) पुरतो. एकाआड एक जाड-बारीक दातांच्या चेनरिंगा (स्रॅमने २०१२ मध्ये एक्सएक्स१ सोबत आणल्या) आणि क्लचवाले (चेन ताणून धरणारे) डिरेलर आल्यापासून चेन पूर्वीसारखी उतरत नाही. साध्या वाटांवर हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) चालवणाऱ्याला तर मी सरळ सांगते, पैसे टायरवर घाल. घ्यायचाच असेल तर तो किती दातांच्या रिंगेला आणि किती चेनलाइनला (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगेपर्यंतच्या अंतराला) चालतो ते वाचा. बूस्ट (मागचा हब जास्त रुंद असलेल्या) सायकलींत चेनलाइन साधारण ५२ मिमी असते, काही नव्या क्रँकमध्ये ५५.

आता बसवणं. क्रँक काढा, चेन बाजूला करा, कानांवरची माती आणि रंगाचे थर खरवडून घ्या. बोल्टांना निळ्या थ्रेडलॉकचा (बोल्ट ढिले होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एकेक थेंब लावून प्लेट हातानेच अडकवा, आवळू नका. क्रँक परत घाला, चेन कॅसेटच्या (मागच्या चक्रांच्या संचाच्या) मधल्या चक्रावर आणा आणि वरून एक डोळा मिटून बघा. पिंजऱ्याच्या दोन्ही भिंतींपासून चेन सारख्या अंतरावर हवी. नसेल तर कान आणि प्लेट यांच्यामध्ये पातळ वॉशर घाला किंवा काढा, पण तिन्ही बोल्टांवर सारख्याच जाडीचे. दोनवर एक आणि तिसऱ्यावर काहीच नाही असं केलंत तर प्लेट तिरकी बसते आणि मग घासण्याचं कारण शोधत बसाल.

उंची ठरवताना पिंजरा चेनला टेकू नये, पण चेन उसळून दातांवरून सुटेल इतकी मोकळीकही नको. मी एकदोन मिलिमीटर ठेवते. रिंग अंडाकृती असेल तर तिचा सर्वांत उंच भाग पिंजऱ्याखाली आणून मापा. मग पेडल हाताने फिरवत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या चक्रावर जा. एकाच टोकाला घासत असेल तर वॉशरनेच सरकवा, पिंजरा वाकवू नका.

फुल सस्पेन्शनवाल्यांनी आणखी एक गोष्ट करायची. शॉकमधला दाब लिहून ठेवा, हवा सोडा आणि मागचं चाक पूर्ण वर दाबा. चेनचा वरचा पट्टा इथे कोन बदलतो आणि पिंजऱ्याच्या मागच्या कडेला लागू शकतो. लागला तर प्लेट तिच्या लांबट भोकांत किंचित फिरवा. हे झाल्यावरच बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, गाइडवर किंवा त्याच्या कागदावर दिलेल्या आकड्याला.

कपाखालच्या प्लेटचं थोडं वेगळं. शिमानोच्या हॉलोटेक प्रकारच्या बॉटम ब्रॅकेटात ७३ मिमीच्या शेलवर (फ्रेममधली बॉटम ब्रॅकेट बसवायची नळी) उजवीकडे असलेला २.५ मिमीचा स्पेसर काढून त्याच्या जागी प्लेट बसते. हा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. आवळताना प्लेट त्याच्याबरोबर फिरू पाहते, म्हणून कुणाला तरी ती घट्ट धरायला सांगा.

पहिल्या राइडनंतर बोल्ट एकदा तपासा. पुढे कधी दातांची संख्या बदलली तर उंची पुन्हा लावावी लागेल, वॉशर बहुधा तेच चालतील.