घरचे प्रयोग का फसतात? मुलांची किचन आणि सायन्स किट वापरताना या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी लागली की इचलकरंजीहून माझा भाचा येतो आणि आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरातला ओटा माझ्या हातून जातो. तो बारा वर्षांचा, माझी लेक नऊची. गेल्या तीन सुट्ट्यांत दोघांनी स्लाइम केलं, तुरटीचे स्फटिक वाढवले, लॉलीपॉप ओतले, जेली लावली, लिंबावर दिवा पेटवला. निम्मे प्रयोग पहिल्या खेपेला फसले. पहिल्या वर्षी मी किट विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. दुसऱ्या वर्षी खोक्यातला कागद नीट वाचला आणि कळलं, घोळ आमच्याच सवयीचा आहे. आम्ही सगळं अंदाजानं घालतो. तांबडा रस्सा अंदाजानं जमतो, कारण तो चाखून सुधारता येतो. मीठ कमी पडलं तर घाला, तिखटजाळ झाला तर खोबऱ्याचं वाटण वाढवा. तुरटीचं पाणी चाखून सुधारता येत नाही.

चमचा कुठला घेतला?

किटमधला टीस्पून म्हणजे 5 मिली आणि टेबलस्पून म्हणजे 15 मिली. आपला पोह्यांचा चमचा यातला कुठलाच नाही, आणि एकाच घरातल्या दोन चमच्यांतही फरक असतो. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण धुऊन ठेवा. त्यावर मिलीच्या खुणा असतात आणि ते फुकट मिळालेलं असतं.

याचा पहिला फटका स्लाइमला बसतो. स्लाइम म्हणजे पांढऱ्या किंवा पारदर्शक गमातल्या लांब साखळ्या टाकणखारानं (बोरॅक्सनं) एकमेकींना बांधणं. खळ किंवा डिंक घेऊन ते होणार नाही, त्याला पीव्हीए जातीचाच गम लागतो. "आत्या, हे घट्टच होईना की गं," असं भाचा म्हणाला आणि मी टाकणखाराचं पाणी भसकन ओतलं. दोन मिनिटांत हातात टायरचा तुकडा आला. टाकणखाराचं पाणी थेंबाथेंबानं घालायचं आणि प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटं मळायचं, कारण चिकटपणा बराचसा मळण्यानंच जातो. जास्त कडक झालंच तर कोमट पाण्यात बुडवून पुन्हा मळा, थोडं सैल पडतं. टाकणखार पोटात जाता कामा नये आणि कातडीवर खरचटलेलं असेल तर तो चुरचुरतो. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना हा खेळ देऊच नये, मोठ्यांनी खेळून झाल्यावर साबणानं हात धुवावेत.

स्टीलच्या डब्यातल्या पांढऱ्या पावडरी

खायचा सोडा, बेकिंग पावडर, धुण्याचा सोडा, टाकणखार, तुरटीची पूड, कॉर्नफ्लॉवर. सगळ्या पांढऱ्या, आणि आपल्याकडे सगळ्या एकसारख्या डब्यांत. किट उघडल्या दिवशीच प्रत्येक पुडीवर मार्करनं नाव लिहा. ज्वालामुखीसाठी खायचा सोडा आणि व्हिनेगर लागतं. दोन्ही भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फेस येतो. फेस धुण्याच्या सोड्यालाही येतो, त्यामुळे चूक कळत नाही. पण तो डोळ्यांत उडाला तर मोठं दुखणं. खायच्या सोड्याचा फेस फुसका निघाला तर तो जुना झाला असेल. चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळून बघा, जोरात फसफसलं पाहिजे. बेकिंग पावडरची परीक्षा नुसत्या गरम पाण्यावर होते, कारण आम्ल तिच्या आतच असतं.

एक गोष्ट मात्र कधीच करू द्यायची नाही: सोडा आणि व्हिनेगर बाटलीत घालून बूच फिरवणं. मुलांना ते हमखास सुचतं. गॅसला वाट मिळाली नाही तर बाटली फुटते. 'जादूचं पाणी' करायच्या नादात बाथरूममधलं ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र झालं तर क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा ती बाटली वरच्या फळीवर.

स्फटिक: आम्ही सर्वांत जास्त वेळा फसलो ते इथे

पहिल्या वर्षी आम्ही मिठाचे स्फटिक करायला घेतले, तेही जूनअखेर, पाऊस कोसळत असताना. दहा दिवस बरणीकडे बघत बसलो, पाणी जसंच्या तसं. दोन चुका एकदम झाल्या होत्या. 100 मिली पाण्यात साधारण 36 ग्रॅम मीठ विरघळतं आणि पाणी उकळलं तरी हा आकडा जेमतेम हलतो. म्हणजे मिठाचं पाणी नुसतं गार करून काही मिळत नाही, पाणी उडून जावं लागतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात दोरीवरची चादर दोन दिवस वाळत नाही, तिथे बरणीतलं पाणी काय उडणार?

तुरटीचं वागणं उलटं. गरम पाण्यात ती गार पाण्यापेक्षा कितीतरी पट विरघळते आणि पाणी निवलं की जादाची तुरटी बाहेर पडते. त्यामुळे ती पावसाळ्यातही जमते. लक्ष्मीपुरीत कुठल्याही किराणा दुकानात तुरटी मिळते, किटमधली संपली म्हणून नवं किट घेऊ नका. आमचं जमलेलं माप असं: 200 मिली गरम पाण्याला 50 ग्रॅम तुरटी, पूर्ण विरघळवायची, मग धुतलेल्या पातळ फडक्यातून गाळायची. गाळणं टाळलं तर धुळीच्या प्रत्येक कणावर एक बारका स्फटिक बसतो आणि हाती साखरेसारखा चुरा येतो. घाईनं फ्रिजमध्ये ठेवलं तरी चुराच. बरणीभोवती टॉवेल गुंडाळा, वर कागद टाका आणि ओट्यापासून लांब, कुणाचा धक्का लागणार नाही अशा जागी ठेवा. लेक दर तासाला बरणी उचलून उजेडात धरायची. तो खेळ थांबला आणि स्फटिक वाढायला लागले.

मोठा, आठ पैलूंचा एकच खडा हवा असेल तर दुसऱ्या दिवशी तळातला एक नेटका दाणा निवडून त्याच पाण्यात टांगा. दोरा सुती नको. त्याच्या तुसांवर शंभर दाणे चिकटतात. नायलॉनचा बारीक दोरा घ्या. टांगलेला दाणा रात्रीत गायब झाला तर समजा पाण्यात अजून तुरटी मावत होती. आणखी थोडी गरम करून विरघळवा, पूर्ण गार होऊ द्या, मग नवा दाणा सोडा. किटमधली पूड निळीशार असेल तर कागद वाचा. ते मोरचूद (कॉपर सल्फेट) असेल तर ते विषारी आहे आणि मोठ्या माणसाशिवाय त्याला हात लावायचा नाही.

थर्मामीटर बिघडलेला नाही

लॉलीपॉपच्या किटमध्ये थर्मामीटर होता. भाच्यानं तो उकळत्या पाण्यात धरला, आकडा 98 च्या पुढे जाईना. "डुप्लिकेट हाय," त्यानं निकाल दिला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि साधारण तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशानं उतरतो. म्हणजे 98 हेच बरोबर. किटच्या कागदावरचे आकडे समुद्रकाठचे असतात, त्यातून दोन वजा करायचे.

आमच्या सासूबाईंचं माहेर करवीर तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ होतं. त्यांना थर्मामीटरचं हसू आलं. गुळव्या काहिलीतला पाक थेंबभर गार पाण्यात टाकतो, बोटांत त्याची गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायची वेळ सांगतो. त्यालाही लोक अंदाजच म्हणतात, पण गोळी ही मोजणीच आहे. पाकातलं पाणी जसं कमी होतं तसं त्याचं तापमान चढतं. मऊ गोळी 115 अंशांच्या आसपास वळते आणि लॉलीपॉपसाठी लागणारा, गार पाण्यात कडकन मोडणारा पाक 150 च्या जवळ येतो. आमचे लॉलीपॉप दाताला चिकटत होते, कारण आम्ही 130 लाच गॅस बंद केला होता. थर्मामीटरवर भरवसा नसेल तर वाटीभर गार पाणी शेजारी ठेवा. पाक साखर होऊन रवाळ बसत असेल तर उकळी आल्यावर ढवळणं थांबवा आणि सुरुवातीलाच थोडं लिंबू पिळा. तयार लॉलीपॉप पावसाळ्यात उघडे ठेवले तर हवेतली ओल ओढून घेतात, लगेच कागदात गुंडाळा.

तापाचा थर्मामीटर पाकात घालू नका. तो 42-43 अंशांपर्यंतचाच असतो आणि जुना, पाऱ्याचा असला तर फुटून पारा सांडेल. पाक ओतणं हे मोठ्यांचं काम, तिथे मुलांचा हट्ट चालवून घेऊ नका. 150 अंशांचा पाक कातडीला चिकटून बसतो. भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको.

जेली बसत नाही, बोबा गोल होत नाही

जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस, पपई किंवा किवी घातलं तर ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही सरबतच राहते. या फळांतली पाचकद्रव्यं जिलेटिनचं प्रथिन तोडून टाकतात. अननसाचे तुकडे पाच मिनिटं उकळून घेतले की अडचण संपते. चायना ग्रासला या फळांची बाधा नाही, पण त्याची गाठ वेगळीच: कोमट पाण्यात ते विरघळत नाही, चांगलं उकळावं लागतं. लिंबू घालायचं असेल तर गॅस बंद केल्यावर.

पॉपिंग बोबा म्हणजे तोंडात फुटणारे रसाचे गोल दाणे. किटमधली सोडियम अल्जिनेटची पूड रसात कालवायची, त्याचे थेंब कॅल्शियमच्या पाण्यात पडले की थेंबाभोवती कातडं धरतं. आम्ही हौसेनं कोकम सरबत घेतलं आणि गाठीच गाठी झाल्या. फार आंबट रसात अल्जिनेट मुळातच घट्ट होऊ लागतं. कलिंगडाचा रस घेतला तेव्हा पहिल्या प्रयत्नात मोत्यासारखे थेंब मिळाले. बोअरचं जड पाणीही चालत नाही, त्यात आधीच कॅल्शियम असतं, आरओचं घ्या. दूधही त्याच कारणानं नको. मिश्रण मिक्सरमधून काढलं तर ते दोन-तीन तास तसंच ठेवून बुडबुडे जाऊ द्या, नाहीतर थेंब तरंगतात. कॅल्शियमचं पाणी कडू लागतं, म्हणून बोबा खाण्याआधी धुवा.

लिंबावर दिवा

एका लिंबातून, तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा वापरून, साधारण 0.9 व्होल्ट मिळतात. लाल एलईडीला 1.8 च्या आसपास लागतात आणि वीजप्रवाह फारच कमी असतो, म्हणून चार लिंबं घ्या. एका लिंबाचं तांबं पुढच्या लिंबाच्या खिळ्याला जोडायचं. एलईडीचा लांब पाय तांब्याच्या बाजूला. बॅटरीतला जुना बल्ब लावून बसू नका, तो पेटणारच नाही. लिंबं आधी ओट्यावर दाबून लोळवा, आत रस सुटतो. आणि ती लिंबं नंतर सरबताला घेऊ नका, त्यांत जस्त आणि तांबं उतरलेलं असतं.

खायचं काय आणि न खायचं काय

किचन किट आणि सायन्स किट एकाच ओट्यावर आले की मुलांच्या डोक्यात घोळ होतो: काल रंगीत पाणी चाखलं तर चाललं, आज का नको? आमच्याकडे आता नियम आहे. ज्या पाकिटावर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक नाही, ते तोंडात जात नाही. विज्ञानाची दोन पातेली, एक चमचा आणि एक गाळणं वेगळं. त्यांवर लाल चिकटपट्टी, आणि ती पुन्हा स्वयंपाकात येत नाहीत.

किट घेताना खोक्यावर आयएसआय चिन्ह बघा. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतात 1 जानेवारी 2021 पासून ते बंधनकारक आहे. महाद्वार रोडवर स्वस्तात सुटी खोकी मिळतात, त्यांवर ना चिन्ह ना वयाचा आकडा. मी ती घेत नाही.

दोन वस्तूंवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवा. एक, बटणासारखा चपटा सेल. गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते. मूल बरं दिसतंय म्हणून थांबू नका, लगेच कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल गाठा. दुसरी, पाण्यात फुगणारे रंगीत मणी. पोटात गेले तर तिथेही फुगतात, आतड्यात अडकतात आणि साध्या एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाहीत. घरात रांगतं बाळ असेल तर हे मणी घरात आणूच नका.

आवरताना

कॉर्नफ्लॉवर आणि पाण्याचा तो गमतीदार गोळा, मुठीत दाबला की दगड आणि सोडला की पातळ, सिंकमध्ये ओतू नका. खाली बसून नळी तुंबते. वाळू द्या आणि कचऱ्यात टाका. अल्जिनेटचंही तेच.

स्लाइम सतरंजीत किंवा केसांत अडकलं तर व्हिनेगर. आम्लानं टाकणखारानं बांधलेली साखळी सुटते आणि स्लाइम पुन्हा पातळ होतं. गेल्या वर्षी लेकीच्या वेणीत लिंबाएवढा गोळा अडकला आणि सासूबाई कात्री शोधायला उठल्या. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून, डोळ्यांवर फडकं बांधून, टोकाकडून वर असा फणी फिरवत गेले. पंधरा मिनिटांत सगळं निघालं. वेणी शाबूत राहिली, फक्त दोन दिवस तिला लोणच्याचा वास येत होता.